डॅटसन की माझदा

"मॅडम, हाथ मत लगाइए!"

दिल्लीत, द्वारकेतल्या त्या सोसायटीच्या तळघरात डॅटसन गाडीच्या लांबलचक नाकावर मी नुसतं बोट टेकवलं, तोच मागून आवाज आला. वळून पाहिलं तर ऑइलनं माखलेला शर्ट, कपाळावर बटा आणि चेहऱ्यावर केवढा तो तोरा!

"हाथ लगाने ही आई हूँ," मी ठणकावलं आणि स्वतःशी पुटपुटले, "शहाणाच आहे."

"आहेच," तो चक्क मराठीत म्हणाला आणि हसला. "मी गुणवंत. श्यामकांतकाकांचा पुतण्या. तुम्ही... रिपोर्टवाल्या गिरिजाताई ना?"

"नुसतं गिरिजा चालेल."

काकांनी दूतावासाच्या नोकरीत असताना दोन जपानी गाड्या परदेशातून आणल्या होत्या. बहात्तरची डॅटसन आणि एकोणऐंशीची माझदा. आता त्यातली एक कोल्हापूरच्या सूर्यकांतरावांच्या संग्रहात जाणार होती आणि कोणती, ते तपासून जुन्या गाड्यांची जाणकार म्हणून मला त्यांना लिहून द्यायचं होतं. काम एका रविवारचं. मी पाच रविवार गेले!

"डॅटसन बघ," गुणवंत सांगायचा. "सरळ इंजिन, सहा सिलिंडर. कुठलाही चांगला मिस्त्री सांभाळेल. पन्नाशी उलटलीय, म्हणजे विंटेजही झाली."

"आणि ही माझदा?"

"ही नखरेल आहे यार! हिला पिस्टनच नाहीत. आत सगळं गोल फिरतं. माहितगार हात लागतो."

"तुझा?"

"सध्या तरी... माझाच. पण विंटेज व्हायला वेळ आहे आणि दिल्लीत पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी रस्त्यावर काढायची नाही. सात वर्षं इथंच सुरू करतो, इथंच बंद करतो."

तो हात पुसत राहायचा आणि मी नको तितका वेळ त्या हातांकडे बघत राहायचे.

चौथ्या रविवारी तो म्हणाला, "सूर्यकांतरावांचा फोन होता. माझदा घेतली तर मलाही बोलावतायत. कायमचं. त्यांचं सगळं वर्कशॉप माझ्याकडे."

"अच्छा," मी म्हटलं. उगाच डॅटसनचं बॉनेट पुन्हा उघडलं.

आठवडाभर मी डॅटसनच्या बाजूनं लिहायची खटपट केली. प्रेम आंधळं असतं म्हणे... माझं मेलं डोळस निघालं! काकांच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरबाहेर उघड्यावर काढलेल्या पावसाळ्यांनी डॅटसनच्या तळाची गंजून चाळण झाली होती. माझदा ठणठणीत होती.

पाचव्या रविवारी मी कागद त्याच्या हातात दिला.

"माझदा लिहिलंयस," तो वाचून म्हणाला. "पण सही?"

"नाही केली. केली की तू जाणार. मला तू इथं हवा आहेस, गुणवंत... बोलले एकदाची!"

त्यानं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग म्हणाला, "मलाही तू हवी आहेस. तू शहाणा म्हणालीस ना, तेव्हापासून."

"मग डॅटसन लिहू?"

तो नुसतं हो म्हणाला असता, तरी मी तो कागद फाडला असता. जन्मात पहिल्यांदा खोटा रिपोर्ट लिहिला असता.

त्यानं माझदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचे डोळे भरून आले होते.

"मला जायचंय, गिरिजा," तो हळूच म्हणाला. "तुझ्याशी खोटं... नाही जमत."

मला तरी कुठं जमलं होतं? मी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं, माझदाच्या टपावर कागद ठेवला आणि सही केली. सही अगदी नीट आली. त्याचं पेन माझ्याच पर्समध्ये आलंय, ते कळलं नंतर, मेट्रोत.