त्याची खरी चाल

दवाखान्याची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या अधेमध्ये अडकली, तेव्हा तिने आधी सगळी बटणं दाबली, मग दार बडवलं आणि शेवटी लिफ्टलाच दोन शब्द सुनावले. वर विभागप्रमुख वाट बघत बसले होते. त्यांना नवा पाय दाखवायचा होता. पाय तिच्या पिशवीत होता आणि ती इथे पिंजऱ्यात ताटकळत होती.

"ओरडू नका, आलोय मी!" वरून आवाज आला. दाराची फट रुंदावली. आधी एक पाना दिसला, मग ग्रीसने काळा झालेला हात. "आधी सामान द्या."

तिने पिशवी वर दिली. घाईत चेन उघडीच राहिली होती. पिशवीतून एक कृत्रिम पाय घरंगळला आणि सरळ त्या माणसाच्या मांडीवर जाऊन पडला.

त्याने पाय उलटसुलट करून पाहिला.

"बाई," तो म्हणाला, "बाकीचा माणूस कुठे ठेवलाय?"

"चेष्टा पुरे. हात द्या."

त्याने हात दिला आणि एका हिसक्यात तिला वर ओढून घेतलं. ती आभार मानणार, तेवढ्यात तो उठून उभा राहिला – उजवा गुडघा हाताने सरळ करत, पाय बाहेरून फिरवत. तिचं आभार मानायचं राहूनच गेलं.

"पाय गुडघ्याच्या वरून गेलाय ना तुमचा? आणि हे काय बसवलंय? ही नुसती बिजागरी आहे!"

"आधी नमस्कार-चमत्कार तरी होऊ द्या," तो हसला. "मी लिफ्ट दुरुस्त करतो."

"मी पाय बनवते."

"ते कळलं."

तिचा पाय साधा नव्हता. त्याच्या गुडघ्यात आणि घोट्यात सेन्सर होते. जिना आला, उतार लागला, खडी लागली, की पायाने ते ओळखायचं आणि त्याप्रमाणे गुडघा घट्ट किंवा सैल करायचा. निदान कागदावर तरी तो तसं करत होता. आता त्याला घेऊन खऱ्या रस्त्यांवर चालणारं कुणीतरी हवं होतं. आणि दिवसभर जिने चढणारा माणूस आयताच समोर उभा होता.

"लिफ्ट बंद पडली की मला बोलावतात," तो म्हणाला, "म्हणजे मला कायम जिनाच. देवाने हा विनोद खास माझ्यासाठी राखून ठेवलाय बहुतेक."

झालं. तो पाय लावून बघायला तयार झाला आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्याला ताप सुरू झाला.

रोज तो कामावरून सुटला की दोघं निघायचे. दवाखान्यामागचा जिना, कालव्याकाठची खडीची वाट, बाजाराचा उतार. ती टॅबलेट घेऊन त्याच्या शेजारून चालायची, जमीन बदलली की खूण करायची, आणि पाय त्याची चाल शिकत जायचा. तो मात्र आरामात, गप्पा मारत, वाटेत दिसेल त्या मांजराशीही दोन शब्द बोलत चालायचा. पाय चार्ज करायला विसरायचा. एकदा तर घोट्याला काहीतरी काळं फासून आला.

"हे काय?"

"ग्रीस. लिफ्टचं. कुरकुरत होता हो बिचारा."

"तो कुरकुरत नव्हता! त्याची मोटर चालते तो आवाज आहे!"

"मग कशी गप्प केली बघा."

तिने अख्खी संध्याकाळ तो घोटा पुसण्यात घालवली. पुसताना मनातल्या मनात त्याला इतकं बोलली, की शेवटी बोलायचं काही उरलंच नाही आणि ती हसत सुटली. मग हसल्याचाही राग आला.

घरी आई शिलाईमशीनवर बसून विचारायची, "आज काय केलं त्या माणसाने?" की हिची टकळी सुरू. ग्रीस, मांजर, चार्जर... भाजी गार व्हायची, पण तक्रार संपायची नाही.

"एवढा त्रास देतो, तर दुसरा माणूस बघ की," एकदा आई म्हणाली.

"दुसरा? दुसरा कशाला?" ती इतक्या जोरात म्हणाली, की आईने मशीन थांबवून तिच्याकडे नीट पाहिलं. मग दोरा ओवायला घेतला.

पाय छान शिकत होता. आता तो लावून त्या माणसाने एकट्याने कामावर जायलाही हरकत नव्हती. आणि एका ओल्या सकाळी, बाजाराच्या उतारावर, एकटा असताना तो पडला. पाय टेकायच्या वेळी गुडघा सरळ व्हायला उशीर झाला. मनगट मोडलं.

विभागप्रमुखांनी फार आरडाओरडा केला नाही, त्याचंच तिला जास्त लागलं. "पाय परत घे," ते म्हणाले. "माणसाला पाडणारा पाय मला मंजुरीच्या समितीपुढे नेता येणार नाही."

ती त्याच्या घरी गेली. दार त्याच्या ताईने उघडलं. तो प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसला होता.

"पडलो मी, आणि तोंड तुमचं का पडलंय?"

"माझ्यामुळे पडलात. पाय न्यायला आलेय."

"मी तक्रार केली का?"

"मग करा ना! एकदा तरी नीट रागवा माझ्यावर!" तिचा आवाज चिरकला. पाय पिशवीत भरून ती निघाली. जिन्यात ताई पाणी घेऊन मागे आली, पण ती न थांबता उतरत गेली.

नंतरचे काही दिवस ती त्याच त्या आकड्यांत डोकं घालून बसली. आकडे बरोबर होते. मग पाय का चुकला? वैतागून ती खिडकीशी येऊन उभी राहिली. खाली भुरभुर पाऊस होता, आणि फाटकातून एक माणूस आत येत होता. जुन्याच बिजागरीच्या पायावर, हात गळ्यात अडकवलेला, पण झपाझप... छत्रीवाल्यांना मागे टाकत...

तो होता.

ती पायऱ्या धडाधड उतरत खाली धावली.

"मी तुमच्या साहेबांशी बोलायला आलोय," तो सांगू लागला. "त्यांना म्हणावं..."

"परत जा!"

"अहो, पण..."

"फाटकापर्यंत परत जा आणि आता आलात तसेच पुन्हा या!"

तो गेला आणि आला. तसाच, झपाझप. तिने कपाळावर हात मारला.

"तुम्ही असे चालता?"

"असाच. मी जन्माचा घाईचा."

"मग माझ्याबरोबर गोगलगायीसारखे का चालत होतात?"

त्याने गळ्यातली झोळी उगाचच सारखी केली.

"बाजाराचा उतार... फार लहान आहे."

"म्हणून?"

"भरभर चाललं की लगेच संपतो. मग तुम्ही म्हणता, उद्या भेटू."

पाऊस तिच्या चष्म्यावर साचत होता. तिला कळलं, आणि कळल्यावर ती आणखीच भडकली.

"म्हणजे इतके आठवडे मी त्या पायाला खोटा वेग शिकवत होते! एकटे निघालात, भरभर चाललात, पाय मागे पडला आणि तुम्ही आपटलात! हाताऐवजी डोकं फुटलं असतं तर? सरळ सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगणार? माझ्यासारख्या एका पायाच्या माणसाने..."

"खबरदार!" ती म्हणाली. "माझ्यापुढे पायाची सबब सांगायची नाही. पाय मी बनवते. दुसरं काही कारण असेल तर सांग."

"सांग?" त्याच्या डोळ्यांत हसू उमटलं.

"सांगा... सांग... काय ते!"

"दुसरं काही कारण नाही," तो हळूच म्हणाला. "पण तू तरी चाचणीच्या वेळी मला कधी एकट्याला का चालू दिलं नाहीस?"

टॅबलेट जवळ असावा लागतो, असं ती म्हणणार होती. ओठांपर्यंत आलं होतं. तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा चढवला.

"तो टॅबलेट," ती पुटपुटली, "रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकावरूनही चालतो."

तो इतक्या मोठ्याने हसला, की फाटकावरच्या पहारेकऱ्याने खोलीतून डोकं बाहेर काढलं.

विभागप्रमुखांना तिने चूक स्पष्ट सांगितली. ती का झाली, ते निम्मंच सांगितलं. त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि चाचणी पुन्हा घ्यायला परवानगी दिली.

प्लास्टर निघाल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू झालं. आता ती उताराच्या माथ्यावर उभी राहून ओरडायची, "भरभर! आता हळू! मांजराशी बोलू नकोस!" तो एकटा उतरायचा, चढायचा, वळायचा. समितीसमोर तो त्याच ओल्या उतारावरून हत्यारांची पिशवी घेऊन खाली गेला आणि तसाच वर आला. गुडघा एकदाही चुकला नाही. पाय पुढच्या टप्प्यासाठी मंजूर झाला.

माणसं पांगल्यावर तो धापा टाकत तिच्यापाशी आला. "झालं मनासारखं? की अजून एकदा?"

"अजून एकदा," ती म्हणाली. "माझ्याबरोबर. हळू."

"त्याची नोंद कशाला हवी आता?"

तिने टॅबलेट बंद करून पिशवीत टाकला आणि त्याच्या बऱ्या झालेल्या हातात आपला हात दिला.

"चल ना आता. किती प्रश्न विचारतोस!"