शत्रूने बांधलेले लाल फेटे

"मॅडम, हा फेटा आहे की डोकं फुटल्याची पट्टी?"

स्वप्नालीनं चिडून वर पाहिलं. आधीच जानेवारीच्या गोड उन्हात तिला घाम फुटला होता. दुबईतल्या आपल्या कॉलेजची ती स्पोर्ट्स सेक्रेटरी. अमेरिकेत १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन ही कॉलेजं पहिल्यांदा एकमेकांशी फुटबॉल खेळली, अगदी तसेच तीन सामने खेळायचं आव्हान तिनं शारजाच्या कॉलेजला हौसेनं दिलं होतं. पंचवीस-पंचवीस जणांच्या टीम, चेंडू उचलून पळायचं नाही, ज्याचं मैदान त्याचेच नियम. ओळखू यावं म्हणून रटगर्सच्या पोरांनी डोक्याला लाल कापड गुंडाळलं होतं. स्वप्नालीच्या टीमसाठीही तसंच लाल कापड आलं, पण बांधणार कोण? दुबईच्या अल बर्शा भागात वाढलेल्या या बयेनं फेटा पाहिला तो फक्त लग्नाच्या फोटोत!

"तू कोण?"

"विघ्नेश. शारजाचा कॅप्टन."

"म्हणजे शत्रू!"

"असू दे. गणपतीत आमच्या ढोल पथकाचे फेटे मीच बांधतो. सरक."

आणि या शत्रूनं तिच्या अख्ख्या टीमला फेटे बांधले की हो! शेवटी तिलाही. त्याची बोटं कानाजवळ आली...

"हलू नकोस."

"श्वास घेतला तर चालेल?"

"हळू घे."

त्या दिवशीचा पहिला सामना स्वप्नालीच्या टीमनं जिंकला, पण तिची झोप मात्र उडाली. मग दोघांचे नियमांवर फोन सुरू झाले, तासन्‌तास. आई म्हणायची, "कसले गं एवढे नियम?" एप्रिलमध्ये विघ्नेश नोकरीला पुण्याला जाणार होता. तोवर त्याला सांगायचं कसं, या एका विचारानं पोरगी कासावीस झाली होती.

दुसरा सामना शारजात झाला. तो विघ्नेशनं जिंकला. आता राहिला तिसरा, आणि नेमका तोच परीक्षांपायी रद्द झाला. खलास!

संध्याकाळी तो आधी फोन करून तिच्या घराजवळच्या मेट्रो स्टेशनखाली येऊन उभा राहिला.

"१८६९ सालीही तिसरा झालाच नव्हता," तो म्हणाला. "प्रोफेसर लोकांनी अडवला."

"हे सांगायला शारजाहून आलास?"

"नाही..." तो अडखळला. "दुसरी मॅच मी जीव तोडून खेळलो, स्वप्नाली. हरलो असतो तर तिथंच सगळं संपलं असतं. तुला परत भेटायला कारणच उरलं नसतं."

ती खुदकन हसली. "वेड्या, आमचा सगळ्यात भारी खेळाडू रोशन. त्याला त्या दिवशी मी बाहेर बसवलं होतं!"

"का?"

"तू जिंकावास म्हणून! मला तिसरी मॅच हवी होती... नाही रे, मला तू हवा होतास."

विघ्नेशनं तिचा हात धरला, घट्ट.

"पण पुणं..." तो कसाबसा म्हणाला.

"पुण्याला जा की. मी कुठं अडवतेय? आधी घरी चल. आई वाट बघतेय."

"आईला काय सांगितलंयस?"

"जावई येतोय म्हणून," ती लाजत म्हणाली. "तुला विचारायचं तेवढं राहिलं होतं."