साक्षगंधाचा तिसरा टेक

वरठीच्या फलाटावर भूषण गाडीचा आवाज रेकॉर्ड करत होता आणि रुचिका तिसऱ्यांदा माइकसमोरून गेली.

"मॅडम, तुमच्या चपलांचा आवाज येऊन राहिला."

"मग उडत जाऊ का?"

तो हसला नाही. माणूस विनोदी सिनेमा काढतो आणि हसत नाही, याचं तिला नवल वाटलं. मुली अशाच फसतात.

सिनेमा आजकालच्या पोरापोरींच्या प्रेमावर होता. कॅमेरा एक, तोही भूषणच्या मामेभावाचा. नागपूरहून आणलेली नायिका दोन दिवसांत मच्छरांना विटून परत गेली, तेव्हा रुचिका नायिका झाली. नायक रोज उशिरा यायचा. तोवर तलावाच्या पाळीवर नायकाचे संवाद भूषणच म्हणून दाखवायचा, तिच्या डोळ्यांत बघत… नायक आजारी पडावा, असं तिला वाटू लागलं.

"इतकं चांगलं बोलतोस," ती एकदा म्हणाली, "कधी आपल्या मनानंही बोलून पाह्य ना."

"ते स्क्रिप्टमंदी नाही," भूषण म्हणाला आणि कानांपर्यंत लाल झाला.

मग कैलाशचं स्थळ आलं. मुलगा सरळ, नोकरी पक्की. नकार द्यायला घरी कारण लागतं, आणि रुचिकाचं कारण अजून तोंड उघडत नव्हतं.

"मंगळवारी माह्यं साक्षगंध आहे," तिनं भूषणला सांगितलं. आणि वाट पाहिली.

त्यानं माइकची वायर गुंडाळायला घेतली.

"दोनशे लोक येतीन का?"

"येतीन. काहून?"

"शेवटच्या सीनले गर्दी पाहिजे होती."

कॅमेरा घेऊन का होईना, येईल तरी — म्हणून तिनंच साक्षगंधात शूटिंग करू द्यायला घरच्यांना राजी केलं. कैलाश तर सिनेमात दिसणार म्हणून खूश होता.

मंगळवारी त्यानं अंगठी घातली. "कट," भूषण म्हणाला. "मागून भोंगा वाजला." दुसऱ्यांदा घातली, तर भटजी आडवे आले.

"बापा, अंगठी घालतेत. काढत नाईत," रुचिकाची आई कौशल्याबाई म्हणाली.

रुचिकानं ती स्वतःच काढली आणि लाइट विचारायचं निमित्त करून कॅमेऱ्यापाशी गेली.

"कायले थांबवून राहिला, भूषण? अंगठी आता बोटात नाही. बोल."

त्यानं दोनशे माणसांकडे पाहिलं. कैलाश सांगितल्याप्रमाणे हात न हलवता उभा होता.

"बॅटरी… पाच टक्के उरली," भूषण म्हणाला.

तिसऱ्या वेळी अंगठी चढत असताना रुचिका सरळ कॅमेऱ्यात पाहत राहिली. तसं पाहायचं नसतं, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. आज तो ओरडला नाही.

"ओके," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

लग्नानंतर सहा महिन्यांनी मंगल कार्यालयात पांढरा पडदा लावून सिनेमा दाखवला. शेवटी रुचिकाचा तो चेहरा पडदाभर आला, आणि अख्खा हॉल पोट धरून हसला. इतकं हसू आधीच्या दीड तासात आलं नव्हतं.

शेजारी कैलाशही डोळे पुसत होता. "तू काहून कॅमेऱ्यात पाहून राहिली होती?"

"चुकलं," ती म्हणाली.