धरलेला वेग

तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये हं. मी स्वतःच झुरळाला भिणारी बाई. त्या रविवारी दुपारी जेवून ऑफिसला गेले ते एवढ्यासाठीच, की यंत्राच्या पडद्यावरची अक्षरं अडखळत होती. आमची कंपनी झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी हवेची यंत्रं बनवते. पहिल्या तयार यंत्रांतलं एक माझ्या आईसाठी होतं, आणि त्याच संध्याकाळी घरी न्यायचं होतं.

माझं काम यंत्राच्या उठण्याचं. वीज आली की त्याच्या डोक्यातला मुकादम, म्हणजे कर्नेल नावाचा मूळ प्रोग्रॅम, जागा होतो आणि एकेकाला वेग ठरवून देतो. पडदेराव, तुम्ही असे चाला. मोटरबाई, तुम्ही अशा. पण सगळ्यांना टिकटिक पुरवणारं मूळ क्लॉक एकच. एकत्र कुटुंबच ते! थोरल्या जाऊबाईंनी घाई केली की सगळं घर पळायला लागतं.

हे मला तोंडपाठ आहे. तरी मी थोरल्या जाऊबाईंचाच वेग दुप्पट केला, का तर पडदा छान दिसावा. अक्कल जेवणाबरोबर पचली असणार.

आईच्या यंत्राचा बोर्ड चालू केला. माझ्या कॉम्प्युटरवर त्याच्या ओळी सरसर धावल्या, आणि एका ओळीवर सगळं थांबलं. हा वेग कोणीतरी धरून ठेवलाय, बदलता येणार नाही.

आता, कर्नेलमध्ये असा वेग धरून ठेवता येतो. पण तसं कोणीतरी लिहावं लागतं. मी सगळा कोड चाळला. कोणीच लिहिलं नव्हतं. पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. एसी बंद, खिडक्या बंद, खोलीत डाग द्यायच्या सोल्डरचा जुना वास... आणि त्यात हळूच मिसळलेला लवंगेचा.

लवंग काका चघळायचे. शेजारच्या टेबलावर बसायचे आमचे काका. गेल्या वर्षी वारले. कुठल्याही बोर्डाला वीज द्यायच्या आधी ते चिमट्याने टेबलावर दोनदा टकटक करायचे. "झोपलेल्याला हाक मारल्याशिवाय उठवू नये गं," म्हणायचे. आम्ही आपले फिदीफिदी हसायचो.

मी बटणाकडे तिसऱ्यांदा हात नेला.

टक... टक.

तेवढ्यात फोन वाजला आणि मी खुर्चीतून उडालेच. आई होती.

"येतंय का तुझं यंत्र, की आजही मी घोरून बिल्डिंग उठवू?"

"निघतेच आता..."

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही गं. रविवार आहे."

"मग खोकलं कोण?"

मी मागे बघितलं नाही. मान वळायलाच तयार नव्हती. समोर बघत राहिले, आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला... मोटरसुद्धा त्याच मूळ क्लॉकवर होती. माझा बदल लागला असता तर झोपलेल्या आईच्या नाकात वादळ घुसलं असतं.

"काका," मी पुटपुटले, "घेते मागे..."

जुना वेग परत लिहिला. टेबलावर दोनदा टकटक केलं. बोर्ड एका हाकेत उठला. लाडका पुतण्याच जसा!

तेव्हापासून आई मजेत आहे. घोरत नाही, त्यामुळे दिवसा बोलायला तिला भरपूर ताकद असते. मीही मजेत. पडदा अजून अडखळतो, अडखळू दे.

फक्त परवाचं एक सांगते. आई दुपारी यंत्र लावून झोपली होती आणि वीज गेली. पंखा थांबला. आई गुदमरू नये म्हणून मी मास्क काढायला धावले. पडदा काळा. मोटर मुकी. नळी जराशी सैल केली आणि खाली तळहात धरला...

वारा येत होता. संथ, ठरल्या वेगाने. लवंगेच्या वासाचा.

"राहू दे गं," आई डोळे न उघडताच म्हणाली. "छान चाललंय."

मी नळी परत बसवली आणि गुपचूप बाजूला बसले. कोणीतरी धरून ठेवलंय ना... मग आपण कशाला हात लावा?