खुंटीवरचा तिसरा चष्मा

दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं आणि चिमणी पडदे ओढून, दाराच्या फटीला काळी पट्टी लावून अंधारात उभी होती. लेझरच्या खोलीत दिवस काय नि रात्र काय, सारखंच. बारीक चण आणि अखंड बडबड, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. पीएचडीचं चौथं वर्ष. काम सांगायला सोपं होतं: हवा पार उपसून काढलेल्या पोलादी भांड्यात अणू सोडायचे, सहा बाजूंनी निळा प्रकाश टाकायचा आणि त्या प्रकाशाच्या धक्क्यांनी पळते अणू मधोमध थोपवून धरायचे. आई रोज फोनवर विचारायची, "सापडले का गं तुझे अणू?" जणू काही किल्ल्याच हरवल्या होत्या.

आज मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. चार वाजता तिचे मार्गदर्शक सर तपासणी समितीला घेऊन येणार होते. कॅमेऱ्याला जोडलेल्या पडद्यावर अणूंचा ठिपका दिसला तर प्रयोग चालू राहणार, नाहीतर उद्यापासून खोली दुसऱ्या गटाची आणि चिमणीची सगळी मेहनत पाण्यात.

सोबतीला वर्कशॉपचे मामा होते. खोलीचा नियम असा, की लेझरचा झोत सोडण्याआधी ओरडून विचारायचं आणि आतल्या प्रत्येकाने संरक्षक चष्मा चढवून उत्तर द्यायचं.

"चष्मा?" चिमणी ओरडली.

"चढवला," मामा म्हणाले.

"चढवला!" भांड्याच्या पलीकडून आणखी कोणीतरी म्हणालं. बाईचा आवाज, उत्साहाने भरलेला.

चिमणीचं बोट बटणावरच थबकलं. "मामा... नकला पुरे हं."

"मी कशाला नकला करू? मला वाटलं, तूच..."

पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. तापलेल्या तारांचा वास नाकात बसला होता. मामांनी दिवा लावला. खोलीत दोघंच. त्यांनी घेतलेले चष्मेही दोनच, पण खुंटीवरच्या चार चष्म्यांपैकी एकच उरला होता. 

मामा उरलेल्या चष्म्याकडे बघत म्हणाले, "असेल कोणी. चष्मा तर चढवलाय ना? काही माणसं तेवढंही करत नाहीत."

चिमणीला एकदम हसू फुटलं. भीती होतीच, पण घड्याळ जास्त भीतीदायक होतं. तिने दिवा मालवला आणि झोत सोडला.

पडदा काळाच. तिने आरसे हलवले, प्रकाशाचा रंग केसभर इकडेतिकडे केला. साडेतीन झाले. डोळ्यांत पाणी आलं.

"खालच्या कॉइलच्या तारा..." तोच आवाज आता अगदी हळू होता. "उलट्या जोडल्यात गं..."

मामांनी कपाळावर हात मारला. अणूंना मधोमध धरणारं चुंबकीय क्षेत्र तयार करणारी ती कॉइल त्यांनीच काल काढून बसवली होती आणि दोन्ही टोकांना एकाच रंगाची पट्टी चिकटवली होती. वीज बंद करून त्यांनी तारांची अदलाबदल केली.

बटण दाबताच पडद्याच्या मधोमध एक ठिपका उमटला. चमकदार, गोल, जागचा न हलणारा.

"मामा! थांबले! अणू थांबले!" चिमणी नाचायलाच लागली. साठीच्या मामांनीही एक गिरकी घेतली आणि स्टूल पाडलं. ती अंधाराकडे वळून म्हणाली, "तुम्ही कोणी का असेना, आभारी आहे हो!" आयुष्यात इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. तिने सरांना फोन केला. सर म्हणाले, "आलोच!"

तेवढ्यात ठिपका धूसर झाला. पुन्हा स्वच्छ. पुन्हा धूसर. चिमणीचा जीव खालीवर झाला, पण शेजारच्या मापकावरचा अणूंचा आकडा तर भक्कम होता. मामांनी विजेरी मारली. भांड्याच्या काचेच्या खिडकीवर, कॅमेऱ्यासमोरच, वाफेचं एक वर्तुळ होतं. काचेला नाक लावून कोणी कौतुकाने बघावं, तसं.

"बघू दे की त्यांना," मामा पुटपुटले. "पण सर येताहेत..."

"पुसते. जरा सरका हं," चिमणी लाडाने म्हणाली आणि मऊ फडका काचेवरून फिरवला. वाफ गेली नाही. तिने पुन्हा, जोर लावून पुसलं. फडका कोरडाच राहिला.

वाफ काचेच्या आतून होती. सहा महिने उपसून उपसून श्वासापुरतीही हवा जिथे ठेवली नव्हती, तिथे. दाबमापकाचा काटा हललेला नव्हता.

दारावर टकटक झाली. सरांचा आनंदी आवाज आला, "चिमणे, येऊ का आत?"

काचेवरचं वर्तुळ आक्रसलं, आणि त्याच्या शेजारी दुसरं उमटलं, लहानसं, आतून आणखी कोणी नाक लावल्यासारखं.