दहावं मत

बसचं दार मिटलं आणि लगेच काचेवर थाप पडली. बाहेर धो धो पाऊस... आणि कोटाखाली फाइल लपवून धावत आलेला एक चिंब भिजलेला तरुण.

ड्रायव्हर सालोमेनं दार उघडलं. "पोहायला निघाला होता की काय?"

"निघालो होतो बसनंच," तो धापा टाकत म्हणाला. "मी बाल्त्स हेस्ली."

गाडी नुकती हलली होती; तिनं करकचून ब्रेक दाबला. हिंटरआल्प गावाची संध्याकाळी सातची फेरी हिवाळ्यात बंद करा, असं सुचवणारा ग्लारुस प्रांताच्या विधानसभेतला आमदार तो हाच!

"जी बंद करताय, तिच्यातच बसलाय तुम्ही."

"म्हणूनच बसलो. किती माणसं असतात ते मोजायला."

"मग? किती?"

त्यानं मागे वळून पाहिलं. "अकराच... मला सोडून."

त्यानंतर तो दर गुरुवारी येऊ लागला. ड्रायव्हरमागचीच सीट धरायचा, आणि घाटातल्या प्रत्येक वळणावर भांडण!

"साठ जण निवडून दिलेत ना तुम्ही? आम्ही महिनोन्‌महिने कागद वाचतो. चौकातल्या जनसभेत हात वर करून मत देणारा माणूस किती वाचतो?"

"तो वाचत नाही, भोगतो. गाडी चुकली की बर्फातून दोन तास चालतो तो. तुम्ही चाललाय कधी?"

पुढच्या गुरुवारी बाल्त्स वरच्या गावातून चालत उतरला. गुडघ्यापर्यंत चिखल, नाक लालेलाल.

"मत बदललं?" तिनं विचारलं.

"नाही. पण तू... तुम्ही खोटं बोलत नव्हता."

"'तू' म्हटलं तरी चालेल," ती म्हणाली, आणि विनाकारण हॉर्न वाजवला.

फेरी चालूच ठेवावी, असा सालोमेनं अर्ज दिला. ग्लारुसमध्ये एकटा माणूसही कायद्याची मागणी करू शकतो. पण ती मागणी मे महिन्यात सगळ्या जनतेसमोर चौकात यायची, तर आधी विधानसभेतली दहा मतं हवीत. सालोमे आमदारांच्या दारोदार फिरली. नऊ जण कबूल झाले. बाल्त्सच्या दारात मात्र ती गेली नाही. त्याच्याकडे मागायचं? मुळीच नाही!

विधानसभेतल्या मतदानाच्या दिवशी ती प्रेक्षकांच्या सज्ज्यात बसली होती. खाली नऊ हात वर झाले... नऊच. मग बाल्त्स उठला.

"ही फेरी बंद व्हावी, असंच मला वाटतं," तो म्हणाला. "पण हे आपण साठ जणांनी दाबून टाकू नये." आणि त्यानं हात वर केला.

मे महिन्यातल्या रविवारी चौक माणसांनी फुलला. सालोमे मंचावर चढली. माइक जवळ ओढून ती म्हणाली, "फेरीला अकराच माणसं असतात, कबूल. पण ती खाली राहायला आली, तर वरची शाळा बंद पडेल. मग गाव."

बाजूनं मतदार-कार्डं धरलेले हात उंचावले. मग विरोधात. पहिल्याच रांगेत बाल्त्सचा हात... विरोधात! सरळ तिच्याकडे बघत, कान लाल झालेले.

सभापतींनी नजरेनं अंदाज घेतला, पुन्हा हात वर करायला लावले, सहकाऱ्यांना मंचावर बोलावलं. तिसऱ्यांदा पाहून ते म्हणाले, "प्रस्ताव नामंजूर."

खाली उतरताच तिनं त्याला गाठलं. "सगळ्यांदेखत माझ्याविरुद्ध हात!"

"तुझ्या बाजूनं केला असता, तर तुला जन्मभर वाटलं असतं — हा बससाठी होता की..."

"की काय? बोल ना!"

"की तुझ्यासाठी. सालोमे, माझं प्रेम आहे तुझ्यावर. त्यात मला कसलीच भेसळ नको होती."

तिचे डोळे भरले होते, पण हनुवटी ताठ होती. "मी पुन्हा अर्ज देणार. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्याही वर्षी."

"दे ना."

"आणि तू पुन्हा विरोधात जाशील?"

"तू पटवलं नाहीस, तर... हो."

तिनं डोळे पुसले आणि त्याच्या कोपरात हात अडकवला. "माझंही आहे रे, मेल्या, तुझ्यावर प्रेम. आता जेवायला चल. आजपासूनच पटवायला घेते तुला."