गढीला विचारलं नाही

बसा. मोबाईल पालथे घाला. जेसीबी चालवणाऱ्या रायभानला मी वीस वर्षं ओळखतो. खोटं रचण्याएवढं डोकं त्याला नाही.

चौदा मे दोन हजार चोवीस, मंगळवार. पाथरीहून जेसीबीसाठी डिझेलचा कॅन घेऊन तो दिवेलागणीला गोदाकाठच्या एका गावी पोचला. गावाचं नाव मी बातमीत छापलं नव्हतं, सांगणारही नाही. तिथं नदीच्या अंगाला मातीची गढी आहे. फौजा आल्या, महापूर आले, ती हलली नाही. तिला हलवायला दिनकररावांसारखा नग जन्मावा लागला. या ठेकेदाराला तिथं प्लॉट पाडायचे होते, म्हणून त्यानं कागदावर गढीचं ‘नैसर्गिक टेकाड’ करून टाकलं. तीनशे वर्षांचा इतिहास एका शिक्क्यात खलास! सकाळी पाहणीला सरकारी साहेब येणार होते. त्याआधी गढीची ओळख सांगणारा बुरूज भुईसपाट करायचा होता.

गावाची रीत अशी, की घराच्या माळवदावर टाकायला गढीची पांढरी माती न्यायची, तर आधी मूठभर हातात घेऊन विचारायचं, “आई, घेऊ का?” मशीनवाला मातीला हात लावतो कुठं?

“शेठ, इचारायचं राह्यलं,” रायभान म्हणाला.

“मातीला काय कान हायेत का बे? सकाळी बुरूज दिसला तर दुसरं काम बघ!”

हे बोलून महाशय गाडीत एसी लावून झोपले. रायभानच्या घरी तीन तोंडं. तो मशीनवर चढला.

साडेबारा वाजेस्तोवर चाळीस बकेट माती निघाली. त्यानं दिवा वर फिरवला.

बुरूज तेवढाच.

पुन्हा उकरलं. दोन वाजले. तेवढाच.

त्यानं इंजिन बंद केलं. आतून आवाज येत होता. धप्प... धप्प... कोणीतरी माती चोपत होतं.

“कोण हाय?”

आवाज थांबला.

रायभान खाली उतरला. मूठभर माती उचलली. ओली होती. नदी तर फेब्रुवारीपासून कोरडी.

“आई... घेऊ का?”

मग भिंतीतून, अगदी कानाशी...

“न्हाई.”

किल्ली मशीनलाच ठेवून तो चालत देवगाव फाट्यापर्यंत गेला. मागं पाहिलं नाही. दिनकरराव आजही सांगतात, त्या रात्री आपण परभणीत होतो. सांगणारच.

सकाळी साहेबांनी ‘गढी’ असं लिहून घेतलं. साहेबांच्या मागं मीही होतो. बुरूज अखंड. फक्त छातीच्या उंचीवर ओल्या मातीत एक पंजा. लहानसा, बाईचा.

आत दबलेला नव्हे. बाहेर फुगलेला...